गियरात ठेवलेली गाडी

नार्वे,
९ एप्रिल २०२५

गुरुदास,

वर 'श्री' घातलेला नाही, तो विसरून नव्हे. बारावं झालं, भटाने सांगितलं की आता घाला. माझा हात वळत नाही.

तू बाराव्याला आला नाहीस. लाटंबार्सेहून अर्धा गाव आला, खाणीवर माती वाहणारे झाडून सगळे टिपरवाले आले, एक तू नाहीस. विचारलं तर कळलं की घराला कुलूप ठोकून तू सुलोचनाच्या माहेरी मोरजीला गेलास आणि तिथे पाण्याचा टँकर चालवतोस. मी लांबचा का असेना, तुझ्या आईचा भाऊ. दोडामार्गाहून कामाला आलास तेव्हा पहिली चार वर्षं माझ्या घरात जेवलास. गाडीवर तुला मी चढवला. आमचा प्रज्योत तुला दादा म्हणायचा, सख्ख्या भावाला कोणी म्हणणार नाही इतकं. तेव्हा तुझ्या न येण्याला काहीतरी कारण असणार. असेल ते लिही.

फोन करू नको. सत्तावीस वर्षं टिपरच्या इंजिनाला कान लावून बसलो, आता कोणी बोंब मारली तरी मला पत्ता नसतो. सेजल फोन धरील, पण नवऱ्याच्या मरणाची चौकशी सासऱ्याने सुनेच्या तोंडून करायची, हे मला बरं दिसत नाही. ती मला सांगायचं ते कागदावर लिहून दाखवते. मोबाइलवर बोटं आपटणं मला या जन्मी जमायचं नाही. चार ओळी लिही आणि पोस्टात टाक.

इथलं सांगायचं तर सगळं चालू आहे. तुझी मामी सहा वर्षांपूर्वीच गेली, सुटली म्हणायची. सेजल बालवाडीत जाते, पोरांना गाणी शिकवते, परत येते. चेडू, आमची नात, चार वर्षांचं झालंय. ते बापाच्या चपला घालून अंगणात फिरतं आणि आम्ही दोघं बघत राहतो. काढ म्हणून कोणी सांगत नाही. मला रडू आलेलं नाही. लोक पाठीवर हात ठेवून म्हणतात रडा, मोकळे व्हा. पुढ्यात येतं ते जेवतो, सुक्या मासळीचं नुस्तं खारट होतं की अळणी ते जेवून उठल्यावर आठवत नाही.

विचारायचं ते एवढंच. अठरा मार्चला तू प्रज्योतबरोबर त्या गाडीत होतास. तो तुम्हा जुन्या ड्रायव्हरांना नवे ऑटोमॅटिक टिपर शिकवत होता. तुला माहीत आहे, यावरून मी त्याच्याशी भांडायचो. ज्या गाडीला क्लच नाही, हातात गियरचा दांडा नाही, ती गाडी नव्हे, पाळणा, असं मी म्हणायचो आणि तो हसायचा. कंपनीचा माणूस येऊन सांगून गेला की गाडी मागे आली. मागे कशी आली? भरलेली गाडी उगाच मागे येत नाही. तू तिथे होतास.

कृष्णनाथ


मोरजी,
२१ एप्रिल २०२५

ती. मामांस गुरुदासचा नमस्कार.

पत्र मिळालं. दोन दिवस शर्टाच्या बोल्सात घेऊन फिरलो, मग फोडलं.

सासूला बरं नव्हतं म्हणून बाराव्याला आलो नाही, असं लिहिणार होतो. पण ती ठणठणीत आहे, रोज स्वतः जाऊन मासळी आणते. खोटं कशाला. पाय निघाला नाही, मामा. सकाळी कपडे घालून बसलो होतो. सुलोचना म्हणाली बस गेली, मग कपडे काढले.

इथला टँकर जुना आहे. विहिरीवर भरायचा आणि हॉटेलांच्या टाक्यांत ओतायचा, दिवसाला आठ-दहा फेऱ्या. तिसरा गियर उडतो, म्हणून एका हाताने दांडा दाबून धरायचा आणि दुसऱ्याने स्टेअरिंग. तुम्ही बघितलं असतं तर मालकाला उभा-आडवा घेतला असता. किनाऱ्यावर कासवांनी अंडी घातलेल्या बाजूला गाडी नेऊ देत नाहीत, तेवढा वळसा पडतो. दिवस जातो.

त्या दिवसाचं काय सांगू? रॅम्पच्या चढावर गाड्यांची रांग थांबली होती. मी चहाला उतरलो होतो, पाठमोरा होतो. मागच्या दारातून माती सांडत होती म्हणून प्रज्योत कडी बघायला मागे गेला. ओरडा झाला तेव्हा मी वळलो. गाडी मागे आली होती आणि मागे दुसरा टिपर उभा होता. मध्ये तो. आम्ही त्याला बाहेर काढला. चेहऱ्याला काही लागलं नव्हतं, जसा होता तसाच होता. तुम्हाला घरी दाखवला तेव्हा चादर तोंडावरून होती, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

ती गाडी नवी, आत सगळा कॉम्प्युटर. कधी काय करील त्याचा नेम नाही. तुम्ही म्हणायचात तेच खरं असेल.

सेजलला काय सांगावं ते मला कळत नाही. चेडवाला पापा.

गुरुदास


नार्वे,
४ मे २०२५

गुरुदास,

तुझं पत्र चारदा वाचलं. गाडी खोटी, हे तूही म्हणतोस. मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं. माणसाच्या हातातला गियर काढून कॉम्प्युटरच्या हातात दिला की आणखी काय होणार? घोड्याचा लगाम घोड्याच्याच तोंडात.

आता ऐक. कंपनीचा कागद आला. तीन पानं इंग्रजी. सेजलने वाचला आणि खाली मराठीत लिहून दिलं. त्यात असं आहे की गाडी प्रशिक्षक चालवत होता आणि हँडब्रेक न लावता तो खाली उतरला, म्हणून अपघात घडला. प्रशिक्षक म्हणजे आमचा प्रज्योत. शेवटी साक्षीदारांच्या सह्या आहेत, तिसरी तुझी. तुला इंग्रजी वाचता येत नाही हे मला ठाऊक आहे. पुढ्यात धरला असेल, केली असशील. त्याचा मला राग नाही.

पण बाजारात काय चाललंय ते तुला कळायला हवं. सेजल भुसारी दुकानात उभी असताना दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाला सांगत होता की लोकां सांगे ब्रह्मज्ञान आणि आपण कोरडा पाषाण. शिकवणाराच ब्रेक विसरला, म्हणे. तिने तांदूळ घेतले, पैसे दिले आणि घरी आली. मला लिहून दाखवलं आणि त्याखाली आणखी एक ओळ लिहिली: 'बाबा, ते अंगणातली स्कूटरसुद्धा स्टँडवर लावून दोनदा हलवून बघायचे.' मग भात चढवायला गेली.

तिला नवरा परत मिळायचा नाही, ते तिला कळतं. आपल्याच चुकीने मेला हे तेवढं तिला सोसत नाही. तिने तसं म्हटलेलं नाही, पण मी रोज बघतो.

तेव्हा तू डिचोलीला ये. मी कंपनीच्या साहेबाला भेटतो. गाडी कोणी हात न लावता आपोआप मागे आली, एवढं तू लिहून द्यायचं. त्या केबिनमध्ये तुम्ही दोघंच होता. एक गेला. राहिलास तू.

कृष्णनाथ


मोरजी,
२३ मे २०२५

ती. मामांस नमस्कार.

बसवाल्याकडे दोन डझन मानकुराद आंबे पाठवले आहेत. आमच्या सासूच्या झाडाचे. वरचे आधी खा, खालचे अजून कच्चे आहेत.

मला येणं जमणार नाही. हॉटेलं भरली आहेत आणि टँकरला दुसरा ड्रायव्हर नाही. साहेबाकडे जाऊन तरी काय व्हायचं? कंपनी आपला कागद फिरवणार थोडीच. लोकांची तोंडं चार दिवस चालतात, मग दुसऱ्या कोणाचं काही निघतं. सेजलला म्हणावं, लक्ष देऊ नको.

सही माझीच. सुपरवायझरने वाचून दाखवलं होतं. मला तेव्हा शुद्ध नव्हती म्हणा. पेन हातात दिलं, हात फिरला.

गाडीला काय दोष द्यायचा तो द्या, पण मला पुढे घालू नका. मी काय सांगणार? मलाच अजून उलगडा झालेला नाही. गाडी गियरात होती, मामा. हे छातीवर हात ठेवून सांगतो. चढाला तोंड, पुढचा गियर, चावी बंद. गियरात घातल्याशिवाय मी जन्मात कधी गाडीतून उतरलेलो नाही, तुम्हाला माहीत आहे. तरी ती मागे कशी आली? टँकर चालवताना दिवसभर हेच डोक्यात असतं. सुलोचना दोनदा हाक मारते तेव्हा मला ऐकू येतं. ती म्हणते, मामांच्या वाटेवर निघालात.

गुरुदास


नार्वे,
१६ जून २०२५

गुरुदास,

आंबे मिळाले. चेडवाने खाल्ले, शेजारीही दिले.

उत्तराला उशीर झाला, कारण तुझं पत्र मला आधी नीट कळलंच नाही. गाडी गियरात होती आणि तरी मागे आली, म्हणजे बघा, गाडीच खोटी, असं म्हणून मी ते कपाटात ठेवून दिलं. साहेबाला दाखवायला होईल म्हणून.

गेल्या आठवड्यात कंपनीने प्रज्योतची बॅग परत केली. डबा, टोपी, चष्मा आणि कागदांचा एक गठ्ठा. तुमच्यासारख्या जुन्या ड्रायव्हरांसाठी त्याने स्वतःच्या हाताने मराठीत एक पान लिहून काढलं होतं, त्याच्या पंचवीस-तीस प्रती. तुलाही दिली असेल. सेजलने एक मला दिली. अक्षर त्याचं, शाळेत होतं तसंच. पहिली ओळ अशी: 'इंजिन बंद केलं की ही गाडी गियर सोडते. गियर तिला धरून ठेवत नाही. आधी हँडब्रेक, मगच चावी. जुनी सवय इथे चालणार नाही.' आणि जुनी सवय या शब्दांखाली दोन रेघा.

बसायला कदेल ओढून उजेडाला जनेलापाशी बसलो. एका मांडीवर त्याचा कागद, दुसऱ्या मांडीवर तुझं पत्र. चढाला तोंड, पुढचा गियर, चावी बंद. गुरुदास, हे वाक्य तुझं नाही. हे माझं आहे, शब्दाला शब्द. अठ्ठ्याण्णव साली त्याच खाणीच्या रांगेत मी ते तुला सांगितलं. आपल्या त्या गाडीच्या ब्रेकची हवा गळायची. हँडब्रेक लावून इंजिन बंद केलं की चाकं आवळून बसायची आणि परत हवा भरेपर्यंत दहा मिनिटं जायची. तोवर रांग पुढे सरकायची आणि मागचे आपल्या आया-बहिणी काढायचे. हँडब्रेकच्या नादी लागू नको, गियरात घाल आणि उतर, असं मी म्हटलं. तू तरी ब्रेक ओढलास, तेव्हा टाळक्यात दोन ठेवूनही दिल्या. तू वीस वर्षांचा होतास. त्यानंतर कधी ओढला नाहीस.

प्रज्योतला मी जुन्या टिपरवर बसूच दिलं नाही. बापाचे कान गेले तसे त्याचे जायला नकोत म्हणून त्याला शिकायला घातला. त्याला ती सवय नव्हतीच. ज्याने हा कागद लिहिला तो गाडी गियरात ठेवून उतरणारा नव्हे.

मी हे रागाने विचारत नाही. राग येईल म्हणून वाट बघितली, तोही आला नाही. रॅम्पवर गाडी उभी कोणी केली, तू की त्याने? एका शब्दात लिहिलंस तरी चालेल.

कृष्णनाथ


मोरजी,
२९ जून २०२५

मामा,

मी.

पुढचं वाचायचं नसेल तर इथेच ठेवा.

प्रज्योतने मला त्या सकाळी तीनदा सांगितलं होतं. चिडला नाही, हसून सांगितलं. म्हणाला, दादा, तुझा हात आधी ब्रेककडे जाऊ दे, मग बाकीच्या जगाकडे. पहिल्या दोन फेऱ्यांना मी तसं केलं, कारण तो शेजारी बसून बघत होता. तिसऱ्या फेरीला आरशात माती सांडताना दिसली, म्हणून तो आपल्या बाजूने उतरून मागे गेला. रांग थांबलेली. शेजारी कोणी नाही. माझा हात आपोआप गेला. बटण पुढच्या गियरवर होतंच, ते बघितलं, चावी फिरवली आणि उतरलो. गाडी टीं टीं करत होती. ती दिवसभर कशा ना कशासाठी टीं टीं करते, दारासाठी, पट्ट्यासाठी. मी लक्ष दिलं नाही. चाकं चरात बसली होती, म्हणून मिनिटभर तशीच थांबली. तेवढ्यात मी चहाचा ग्लास हातात घेतला. गाडी हलली तेव्हा हाक मारली, पण बाजूला लोडर चालू होता. त्याला ऐकू गेलं नाही.

आता दुसरं. सुपरवायझरने कागद लिहायला घेतला आणि मला विचारलं की प्रशिक्षकच चालवत होता ना? मी मान हलवली. त्याने मला शिकवलं नाही, दम दिला नाही. मीच हलवली. मनात आलं, मेलेल्याची नोकरी जायची नाही, माझी जाईल. हे मनात आलं तेव्हा प्रज्योतला अजून हॉस्पिटलच्या गाडीत घातला नव्हता. मग नोकरी काही मला करवली नाही, आठ दिवसांत सोडून इथे आलो. ताकाला गेलो आणि भांडंही गमावून बसलो.

काल सुलोचनाला सांगितलं. ती मासे साफ करत होती. हात धुतले आणि म्हणाली, "आणि हे तुम्ही अजून त्याच्याच नावावर ठेवणार?" तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही.

मलाही रडू येत नाही, मामा. आता टँकर जिथे थांबतो तिथे मी हँडब्रेक ओढतो. सपाट जागेवरसुद्धा. त्याची हवा गळते, चाकं आवळून बसतात, हॉटेलवाले खेकसतात. खेकसू देत.

मी काय करू ते तुम्ही सांगा. सांगाल ते करीन.

गुरुदास


नार्वे,
८ जुलै २०२५

गुरुदास,

पत्र मिळालं.

काय करू म्हणून विचारतोस. सत्तेचाळीस वर्षांचा घोडा झालास, हे मी सांगायला हवं? डिचोलीला जा आणि पोलिसात जबानी दे. मला लिहिलंस तेच सांग. कमी नको, जास्त नको, रडगाणं तर मुळीच नको.

सेजलला मी तुझं पत्र दाखवलेलं नाही. मामा-भाच्याने आपसात लिहिलेला कागद तिला काय उपयोगाचा? तिला शिक्क्याचा कागद हवा, दुकानदाराच्या तोंडापुढे धरता येईल असा.

डिचोलीला आलास तरी घरी येऊ नको. तू दारात उभा राहिलास तर मी काय करीन ते मला माहीत नाही. बहुधा काहीच करणार नाही, चहा ठेवायला सांगेन. ते तिला बघायला लागू नये.

कृष्णनाथ


मोरजी,
२ ऑगस्ट २०२५

ती. मामांस नमस्कार.

जबानी दिली. बावीस जुलैला, मंगळवारी. सुलोचना बरोबर आली होती, बाहेर बाकावर बसली. दोन तास लागले. मी मराठीत सांगितलं, त्यांनी लिहिलं, परत वाचून दाखवलं. या खेपेला सही करण्याआधी मी सगळं ऐकलं.

माझ्यावर केस होईल, कोर्टात जाईल. लायसन्स ठेवून घेतलं. टँकरच्या मालकाने दुसरा ड्रायव्हर बघितला. सुलोचना एका हॉटेलात चादरी धुवायला जाते, मी घरी असतो. नारळ सोलतो, सासूची विहीर उपसली. हे गाऱ्हाणं म्हणून लिहिलेलं नाही, तुम्ही इथलं विचाराल म्हणून लिहिलं. सुलोचना बोलायला लागली आहे, थोडंथोडं.

जबानीची एक प्रत सेजलला द्यायला सांगितलं आहे. कंपनीचा कागदही बदलावा लागेल असं पोलिसातला साहेब म्हणाला.

एक गोष्ट तुम्हाला कळायला हवी. साहेबाने विचारलं की तीनदा सांगूनसुद्धा असं का केलंस? मी म्हटलं, सवयीने. कसली सवय? जुन्या गाडीची. कोणी लावली ही सवय? ते मी सांगितलं नाही. त्याने पुढचं लिहिलं.

तुमचं नाव मी घेतलेलं नाही, मामा, आणि कोर्टातही घेणार नाही. तुम्ही शिकवलंत ते त्या गाडीसाठी बरोबर होतं. चौदा वर्षं मी ती चालवली, एकदासुद्धा मागे आली नाही. चूक माझी आहे. तुमच्या घरात तुमच्याकडे बघायला आता एक सेजल आणि एक ते चेडू. त्यात मी हात घालणार नाही.

गुरुदास


नार्वे,
३ सप्टेंबर २०२५

गुरुदास,

यंदा चवथ आमच्याकडे नव्हती, गणपती भावकीत पूजला. चेडू तिकडे आरतीला गेलं, झांजा वाजवून आलं.

तुझ्या जबानीची प्रत पंधरा ऑगस्टच्या आधीच आली. सेजलने उभ्या उभ्या वाचली. मग साडी बदलली, कागद पिशवीत घातला आणि त्या भुसारी दुकानात गेली. मीही मागोमाग गेलो, मला राहवलं नाही. तिने कागद त्याच्या तराजूत ठेवला आणि बोट दाखवलं, वाच. त्याने शेवटपर्यंत वाचला आणि हात जोडले. तिने काही न बोलता कागद उचलला. घरी येऊन चुलीपुढे बसली आणि रडली, पाच महिन्यांत पहिल्यांदा. मला आवाज येत नव्हता, खांदे हलताना दिसत होते. मी दाराशी उभा होतो. बरं वाटलं मला. तुझ्यामुळे ते झालं हे लिहायला हवं, म्हणून लिहितो.

दुसऱ्या दिवशी तिने कागदावर लिहून माझ्यापुढे ठेवलं: 'यात जुनी सवय म्हटलंय. गुरुदासभावोजींना अशी सवय कोणी लावली?' तिच्या मनात काही नव्हतं. सहज विचारलं, मी जुना ड्रायव्हर, मला माहीत असेल म्हणून. मी म्हटलं, चष्मा सापडत नाही, मग वाचतो. चष्मा माझ्या नाकावर होता. तिने तो बघितला आणि कामाला गेली. परत विचारलं नाही.

तू माझं नाव घेतलं नाहीस, मोठा उपकार केलास असं तुला वाटत असेल. मी बसने डिचोलीला गेलो. तिथल्या माणसाला सांगितलं की त्या जबानीत माझं नाव घाला, शिकवणारा मी. त्याने तोंड बरंच हलवलं, मग मला ऐकू येत नाही हे त्याला कळलं. त्याने चिठ्ठीवर लिहून दिलं: 'आजोबा, शिकवणं हा गुन्हा होत नाही. घरी जा.' मी परत सांगायला गेलो तर तो दुसऱ्याशी बोलायला लागला होता. घरी आलो.

सेजलचा कागद फडताळात होता. तिच्या ओळीखाली मी लिहिलं, 'मी.' दुसरं काय लिहायचं? हवा गळायची, रांग सरकायची, मागचे शिव्या द्यायचे, हे सगळं तिला लिहून काय सांगू? कागद तिच्या उशाशी ठेवला. सकाळी बघितलं तर तो तिथे नव्हता.

तिने भांडण काढलं नाही. माहेरी गेली नाही. रोजच्यासारखी शीतकढी वाढते, कपडे धुते, माझ्या गोळ्या मोजून ठेवते. फक्त लिहीत नाही. दाराशी येऊन उभी राहते, माझ्याकडे बघत तोंडाने काहीतरी बोलते आणि जाते. मला ऐकू येत नाही हे तिला ठाऊक आहे. मी मान हलवतो. जेवायला या म्हणत असेल, नाहीतर दुसरं काही. चेडवाला अजून लिहिता येत नाही.

तुझ्यावर राग धरावा म्हणून मी पुष्कळ प्रयत्न केला. एक दिवस मुद्दाम प्रज्योतचा फोटो पुढ्यात घेऊन बसलो. काही होत नाही. संध्याकाळ झाली आणि उठलो.

तू पत्र लिहीत जा. नारळ सोललेस, विहीर उपसलीस, असलं लिहिलंस तरी चालेल. मला दुसरं कोणी काही सांगत नाही.

कृष्णनाथ